हळदीचा पंजा

वर्ध्याच्या एमआयडीसीत प्रभाकररावांचं शेड आहे. शेडच म्हणा, कारखाना म्हटलं की लोक भलतंच मोठं काही समजतेत. टिनाचं छप्पर, समोर कडुनिंब, आत सात-आठ माणसं, अन् तिथं मोटारीचा वेग कमी-जास्त करायच्या पेट्या बनतेत. जिनिंगवाले नेतेत, सूतगिरणीवाले नेतेत, पापडवालेसुद्धा नेतेत. अशा त्या शेडात एका दुपारी दिल्लीहून परराष्ट्र खात्याचा साहेब येऊन बसला, अन् त्यानं टेबलावर एक फोटो ठेवला, अन् त्या फोटोत अंजूचा हात होता!

म्हणजे हात नाई, हाताचा ठसा. हळदीचा. राखाडी पेटीचं दार उघडलेलं, अन् दाराच्या आतल्या बाजूनं तो पिवळा पंजा, वाळून तडकलेला, तळव्यावर कुंकवाचा ठिपका. चार बोटं पूर्ण अन् करंगळी अर्धी. अंजूची करंगळी लहानपणी कूलरच्या पंख्यात गेलती. असा हात साऱ्या वर्ध्यात दुसरा सापडायचा नाई.

अंजू म्हणजे प्रभाकररावांची पुतणी. बाप लहानपणीच वारला, माय गिरडले शाळेत पोषण आहार शिजवते. अंजूले काकानं अन् काकूनं वर्ध्याले आणलं, डिप्लोमा करवला, अन् आता पेट्यांची वायरिंग तीच पाहे. तं ती तिथंच मागं उभी होती, पाण्याचे गिलास घेऊन. तिनं फोटो पाहिला, अन् तिले काहीच झालं नाई. दचकली नाई, घाम नाई, छातीत धडधड नाई. डाव्या हातानं गिलास ठेवले अन् उजवा हात ओढणीत घेतला. तेवढंच.

"आमचं नाई," प्रभाकरराव म्हणाले. चष्मासुद्धा न लावता.

"नीट पहा ना, प्रभाकररावजी."

"नीटच पाहून राह्यलो, साहेब. असे पंजे तं अख्ख्या हिंदुस्थानात लावतेत. गाडी घेतली, लावला. फ्रीज आला, लावला. आमच्या गल्लीत एकानं गॅसच्या सिलिंडरले लावलता."

साहेब हसला. ओमप्रकाश नाव त्याचं. पन्नाशीचा, बारीक, बुटाले धूळ लागली तरी न पुसणारा माणूस. बाप रेल्वेत होता म्हणून लहानपण नागपूरले अजनीच्या क्वार्टरात गेलतं. मराठी येत होती त्याले, पण उलट्या पायात चपला घातल्यासारखी.

"तेच तर," तो म्हणे. "व्हिएन्नाला एक संस्था आहे. देशोदेशी जाऊन तपासते, कोणी चोरून बॉम्बची तयारी तर नाही ना करत. त्यांचे लोक एका देशात गेले. देशाचं नाव मी सांगणार नाही, तुम्ही विचारू नका. त्यांना एक हॉल दाखवला. म्हणे ही कापडाची गिरणी. आत या पेट्या. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, स्टिकर नाही. एकानं दार उघडलं, तर आत हे पिवळं! घाबरले बिचारे. काही सांडलं म्हणाले. कापडानं पुसून घेतलं, डबीत बंद केलं, प्रयोगशाळेत पाठवलं. खूप दिवसांनी रिपोर्ट आला."

"काय निघालं?" हे नागसेननं विचारलं. नागसेन शेडातला इंजिनियर. पेटीच्या डोक्यात जो प्रोग्राम राहते तो लिहिणारा.

"हळद."

नागसेन फसकन हसला. प्रभाकररावही हसले. मंग हसू विरलं, अन् छपराचा टिन तापून कटकट वाजत होता तेवढाच आवाज.

ओमप्रकाशजींनं फोटो उचलला नाई. तसाच राहू दिला. म्हणे, मी पोलीस नाही. मला दोनच गोष्टी पाहिजे. पेटी कुठं बनली अन् ती मोटार किती जोरात पळवते. पुढच्या हप्त्यात तिकडं बैठक आहे. त्या देशाचे लोक म्हणतील गिरणी आहे, पेट्या आमच्याच देशात बनल्या. आमच्याजवळ पुरावा असला तर आमचा माणूस त्यांच्या माणसाला बाजूला नेऊन सांगू शकतो, भाऊ, आम्हाला सगळं माहीत आहे, आता बसून बोला. पुरावा नसला तर ते उठून जातील. मग दुसरे देश आपापल्या पद्धतीनं बोलतील. विमानं घेऊन बोलतील.

"अन् हे आपल्या देशातून गेलं असेल," तो म्हणे, "तर ते आपणच आधी सांगितलेलं बरं. दुसऱ्यानं सांगायच्या आत."

"पण आमचं नाईच आहे नं ते," प्रभाकरराव म्हणाले.

ओमप्रकाशजी चहा पिऊन उठला. म्हणे, उद्या दुपारपर्यंत मी विश्रामगृहावर आहे. कार्ड ठेवलं. जाताना एकदा अंजूकडे पाहिलं, तिच्या ओढणीकडे पाहिलं, काही बोलला नाई. बोलला असता तं बरं झालं असतं.

आता खरं काय झालतं ते ऐका. दिवाळीच्या आधी आखातातल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. धागा पिळायच्या मशीनीसाठी पेट्या पाहिजे, वेग असा-असा पाहिजे, रंग राखाडी पाहिजे, अन् पेटीवर नावनिशाणी काही नको. नागसेननं वेगाचा आकडा पाहिला, डोकं खाजवलं.

"काका, सूत पिळायले एवढा वेग?"

"घेणाऱ्याची मर्जी."

"अन् नाव काऊन नको म्हणते बावा तो?"

"आपण काय सोयरीक करून राह्यलो बे, घरदार विचारायले?"

झालं. नागसेननं प्रोग्राम लिहिला, अंजूनं वायरिंग केली, प्रभाकररावांनं सरकारच्या कागदावर लिहून दिलं, गिरणीसाठी माल आहे म्हणून, अन् सही केली. सरकारची एक यादी आहे म्हणे, असा माल परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाई. ती यादी काय कोणी उशाले घेऊन झोपते?

गाडी दारात लागली. पेट्या चढवायच्या. आता शेडाचा रिवाज असा, की हळद-कुंकू लावल्याबिगर पेटी बाहेर जात नाई. ते काम रुख्माबाईचं, म्हणजे काकूचं. घरून ताट घेऊन येई, हरेक पेटीवर पंजा उमटवे, नारळ फोडे, अन् साऱ्यायले खोबरं वाटे. पण काकू उन्हाळ्यात गेली. सकाऊन पाणी भरता भरता बसली अन् बसलीच. तेव्हापासून अंजूले काही लागत नव्हतं. तिखट लागत नव्हतं, ऊन लागत नव्हतं, कोणी रागावलं तं तेही लागत नव्हतं. काम करे, घरी येई, काकाले वाढे, झोपे.

तं त्या दिवशी काका ताट घेऊन उभे. नागसेन अशा वेळी बाहेर चहा पियाले जाये, त्याच्या घरी हे चालत नाई, बुद्धाचं घर. जाता जाता म्हणे, "काका, नावनिशाणी नको म्हणलं आहे नं."

"हे नावनिशाणी आहे काय बे? हे तं लावाच लागते," काका म्हणाले. मंग थोडा विचार केला. "अंजू, आतून लाव वं. आतून कोन पाहते."

अन् तिनं आतून लावला. हरेक पेटीले. हळद ओली, हात थंड. तिले काही वाटलं नाई तेव्हाही.

साहेब गेल्यावर नागसेन तिले कडुनिंबाखाली घेऊन गेला.

"तुले समजलं काय, कायच्या मशीनी आहेत त्या?"

"नाई."

"जिनिंगच समज. आपल्या इकडं कसं, रुई एकीकडं, सरकी एकीकडं. तिकडं युरेनियमची वाफ करतेत, नळकांड्यात भरतेत अन् गरगर फिरवतेत. जड ते कडेले, हलकं ते मधात. थोडकं काढलं तं वीज बनते. काढतच राह्यलं, काढतच राह्यलं, तं बॉम्ब. अन् फिरवते कोन? आपली पेटी."

"तुले हे केव्हापासून माहीत?"

"आता साहेब बोलून राह्यला तेव्हा मोबाइलवर पाह्यलं." मंग तो कडुनिंबाचं साल नखानं खरवडत राह्यला. "थोडंसं आधीच माहीत होतं."

अंजूनं मान हलवली. तिले रागही आला नाई.

संध्याकाळी काका जेवायले बसले. भाकर, वांग्याची भाजी. अंजूनं वाढलं. काका ताटाकडे पाहूनच बोलले, "उद्या सकाऊन गिरडले जाजो. मायले भेटून येजो."

"काम आहे शेडात."

"काम राहू दे. चार दिवस राहाजो. साहेब जाऊ दे."

तिनं वरणाचं पातेलं ओढलं. वरण वाढताना तिचा उजवा हात काकांच्या ताटावर आला, अन् काकांनं मान दुसरीकडं फिरवली. त्या हाताकडं काका तसेही कधी पाहत नसत. कूलर काकांचाच होता नं. जाळी तुटलेली होती, उद्या लावू, उद्या लावू करत राह्यली होती. करंगळी गेली तेव्हा काका तिले कडेवर घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत, पायात चप्पल नसताना, धावतच गेलते, रिक्षा समोर उभी होती तरी दिसली नाई त्यायले. हे काकू सांगे, अन् हसे.

"मी सांगितलं तं काय होईन?" अंजूनं विचारलं. असंच, भाव विचारल्यासारखं.

"शेड जाईन."

"अन् तुम्ही?"

"मी बी जाईन कुठं तरी. नेतीन तिकडं." काकांनं भाकरीचा तुकडा मोडला. "जाजो वं गिरडले."

सकाऊन नागसेननं तिले गाडीवर जामपर्यंत सोडलं. जामचा चौक तुमाले माहीतच आहे, चारी बाजूनं ट्रक, अन् हरेक हॉटेलात मोठ्या आवाजात गाणे. तिथून समुद्रपूर-गिरडची बस भेटते. बसले वेळ होता, तं दोघं एका हॉटेलात बसले. तर्री-पोहे मागवले. नागसेनच्या डोळ्याले पाणी आलं इतकं तिखट. अंजू खात होती, जसं भिंतीले गिलावा लावून राह्यलं कोणी.

"प्रोग्राम माझा, सही काकाची, अन् हात तुझा," नागसेन म्हणे. "आपण तिघं मिळून एक मोठा बदमाश झालो, वं."

"तूच सांगून दे नं साहेबाले."

"मी तयार आहे. पण माझा आहे नुसता शब्द. ते म्हणतीन, मालकानं काढलं असन, म्हणून बोलून राह्यला. तुझा हात कसा खोटा म्हणतीन?"

"म्हणजे मी सांगू म्हणतं?"

"मी काही नाई म्हणून राह्यलो बापा. मी पोहे खाऊन राह्यलो."

"काकानं मले पोसलं, नागसेन."

"मलेही पोसलंच. तीन वर्षांचा पगार खाल्ला नं मी." तो हसला नाई. "मी तुले हो नाई म्हणत, नाई नाई म्हणत. बस आली, जाय."

बस खरंच आली. कंडक्टर ओरडून राह्यला, गिरड, गिरड, मधात जागा आहे. अंजू उठली, बॅग घेतली, बसच्या पायरीवर एक पाय ठेवला. अन् तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, मोठी काही नाई. आज साहेब आला म्हणून मी गिरडले चालली. उद्या दुसरा येईन, मी अजून कुठं जाईन. अन् मी कुठंही गेली तरी त्या पेट्या तिकडं फिरूनच राह्यल्या असतीन. आता, या टायमाले, मी पायरीवर उभी आहे तरी फिरून राह्यल्या. काकूच्या नावानं पंजा लावला त्यायले.

"ताई, चढतं का उतरतं?" कंडक्टर म्हणे.

"उतरते."

नागसेननं तिले उतरताना पाहिलं अन् कार्ड खिशातून काढून तिच्यासमोर ठेवलं. साहेबानं टेबलावर ठेवलेलं ते कार्ड त्यानं उचलून आणलतं, पाहा!

अंजूनं फोन लावला तेव्हा ओमप्रकाशजी विश्रामगृहातून निघायच्या बेतातच होता. जामले यायले त्याले वेळ लागला, तोवर दोघं नुसते बसून. तो आला, पांढऱ्या भाड्याच्या गाडीतून उतरला, खुर्ची ओढली. अंजूनं ओढणीतून हात काढला अन् टेबलावर ठेवला. पालथा नाई, उताणा.

साहेब त्या हाताकडे खूप वेळ पाहत राह्यला.

"काल पाह्यलतं तुम्ही," अंजू म्हणाली.

"हो. गिलास डाव्या हातानं ठेवलेत तुम्ही."

"मंग कालच काऊन नाई बोलले?"

"मी तुमचा हात ओढून बाहेर काढला असता, तर तो माझा पुरावा नसता झाला. जबरदस्ती झाली असती. तिकडचे लोक पहिले तेच विचारतात."

"माझ्या काकाचं काय होईन?"

तो खोटं बोलला नाई, एवढं मानलं पाहिजे. म्हणे, "चौकशी होईल. शेड बंद होईल, ते नक्की. पुढं काय, ते माझ्या हातात नाही. तुम्ही स्वतः सांगितलं हे मी लिहीन. त्यानं किती फरक पडेल, सांगता येत नाही."

"बरं," अंजू म्हणाली.

बरं! एवढंच. नागसेन मंग मले सांगे, की तिनं ते असं म्हटलं जसं दुकानदार म्हणते, पिशव्या संपल्या, अन् आपण म्हणतो, बरं.

ठसा ताजा पाहिजे होता, फोटोतल्या ठशाशी जुळवायले. तं हळद पाहिजे. ओमप्रकाशजींनं हॉटेलवाल्याले मागितली. हॉटेलवाला पोह्याची कढई सोडून ताटलीत हळद घेऊन आला, पाणी टाकलं, स्वतःच बोटानं कालवली, अन् म्हणे, "कायची पूजा हाये, माय? गाडीची काय? कुंकूबी देऊ?"

"नको," साहेब म्हणे.

"नुसती हळद? अपशकुन होते बावा." तो गेला अन् कुंकवाची डबी घेऊनच आला.

अंजूनं हात ताटलीत बुडवला. कोऱ्या कागदावर दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. बाजूनं ट्रक चालले, कागद फडफडे, नागसेननं चारी कोपऱ्यावर पाण्याचे गिलास ठेवले. साहेबानं मोबाइलवर तिचं बोलणं घेतलं. नाव सांगा. हा हात कोणाचा? पेट्या कुठं बनल्या? तिनं सांगितलं, वर्ध्याले बनल्या, माझ्या काकांच्या शेडात, पंजा मी लावला. वेग किती, विचारलं तं नागसेन मधात बोलला, "तो आकडा मी सांगतो. तो माझा आहे." अन् त्यानं आकडा सांगितला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी गावाचंही सांगितलं.

सारं झालं तं गाडीचा ड्रायव्हर इतका वेळ उभा राहून पाहत होता, तो पुढं आला. नवा पोट्टा, नवी गाडी.

"ताई, आता हात भरलाच हाये तं आमच्या गाडीलेई लावून द्या नं. मालकानं परवाच काढली, अजून काहीच नाई केलं."

ओमप्रकाशजी काही बोलायले गेला, पण अंजू उठलीच होती. तिनं बोनेटवर पंजा दाबला. हॉटेलवाल्यानं कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. अन् ती गाडी, तो साहेब, त्याच्या बॅगेतले ते कागद, सारं नागपूरकडं निघून गेलं, समोर अर्ध्या करंगळीचा पंजा घेऊन.

अंजू वर्ध्याले परत आली. घरी नाई गेली, सरळ शेडात. काका कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. तिनं हात धुतला होता, पण हळद कुठं जाते लवकर? नखात होती, रेषांत होती.

"काका, मी सांगून देलं."

काकांनं तो हात पाहिला. पहिल्यांदाच नीट पाहिला असन त्यायनं, इतक्या वर्षांत.

"जेवली काय?" ते म्हणाले.

"पोहे खाल्ले जामले."

"पोह्यानं काय होते."

मंग ते उठले, आत गेले, अन् मेन स्विच पाडला. पंखे थांबले. माणसं वर पाहायले लागली, लाइन गेली समजून. काका म्हणाले, "उद्या येऊ नका रे. मी फोन करीन." माणसं डबे घेऊन निघाली, एक जण म्हणे, "सुट्टी कायची आहे?" अन् काका म्हणाले, "आहे एक."

पुढचं तं साऱ्या वर्ध्याले माहीत आहे. गाड्या आल्या, कॉम्प्युटर नेले, दाराले सील लावलं. काकांनं सारं स्वतःवर घेतलं. म्हणाले, पोट्टीनं मी सांगितलं म्हणून लावला, पोट्ट्यानं मी सांगितलं म्हणून लिहिला. नागसेनलेही बोलावतेत, अंजूलेही बोलावतेत, तारखा चालू आहेत. काका घरीच आहेत सध्या, अजून नेलं नाई. नेतीनही. घरात बोलणं बंद नव्हतं, पण कामापुरतं. दूध आलं काय. दार लाव. भाजी कोनती आणू. अंजू सकाऊन उठे, भाकरी टाके, दुपारून ओट्यावर बसे. रडू येईन, येईन म्हणून वाट पाहे ती, अन् ते येतच नव्हतं.

अन् मंग एक दिवस, ऊन चांगलंच तापलं होतं, ओमप्रकाशजींचा फोन आला. काका समोरच बसले होते, पंख्याखाली, वर्तमानपत्र मांडीवर.

"बेटा, सांगायला फोन केला. बैठक झाली."

"फोटो दाखवला?"

"नाही दाखवला. दाखवला असता, तर त्यांची सगळ्यांसमोर बेइज्जती झाली असती, ते उठून गेले असते. आमच्या माणसानं चहाच्या वेळी त्यांच्या माणसाला एवढंच सांगितलं, की तुमच्या पेट्यांना हळद लावणारी मुलगी आम्हाला भेटली. बस. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. हात टेबलावर ठेवलाच नाही, पण तो आमच्या खिशात आहे हे त्यांना समजलं. आजवर लपवलेला दुसरा हॉल दाखवायला तयार झाले ते."

"केव्हा?"

"तारीख ठरायची आहे."

"म्हणजे थांबलं काय सारं?"

तो म्हणे, "थांबलं नाही. बोलणं सुरू आहे. आमच्या कामात, बोलणं सुरू आहे म्हणजे खूप झालं."

"बरं," अंजू म्हणाली, अन् फोन ठेवून दिला. काकाले सारं सांगितलं, जसंच्या तसं, चहाच्या वेळेसकट. काका ऐकत होते. पंखा फिरून राह्यला होता. मंग त्यायनं वर्तमानपत्राची घडी केली.

"चालून राह्यल्या काय अजून?"

"काय?"

"पेट्या. चालून राह्यल्या, का बंद पाडल्या?"

"विचारलं नाई मी."

"विचारजो."

तिनं तिथंच परत फोन लावला. साहेबानं उचलला. तिनं विचारलं. तो म्हणे, "ते मला सांगता येत नाही, बेटा." अन् हे तो इतक्या हळू म्हणाला, की काकाले ऐकू जायचं काही कारण नव्हतं. पण काका तिच्या तोंडाकडेच पाहून राह्यले होते.

"सांगत नाईत ते," अंजू म्हणाली.

काकांनं मान हलवली. त्यायचे हात मांडीवर होते, जड, तेलाचे डाग अजून न गेलेले.

"चालूनच राह्यल्या असतीन," ते म्हणाले. "माझी पेटी बंद नाई पडत, वं."